एंजिनाचा उच्छ्वास

शहरातील एखाद्या गॅरेजमध्ये रविवारच्या सकाळी अलीकडे एक दृश्य दिसू लागले आहे. नवीच म्हणता येईल अशी एक मोटार उभी असते. तिचे बॉनेट उघडलेले असते आणि मोटारीचा मालक एंजिनाच्या कडेला बसविलेला ॲल्युमिनियमचा एक लहानसा डबा मोठ्या काळजीने आटे फिरवून मोकळा करीत असतो. डबा चहाच्या पेल्याहून फारसा मोठा नसतो. त्याच्या तळाशी दुधाळ तपकिरी रंगाचा, पेट्रोलचा उग्र दर्प असलेला थोडासा द्रव साचलेला असतो. तो पाहून मालकाला जे समाधान होते, ते पुष्कळदा नव्या मोटारीच्या खरेदीनेही झालेले नसते.

“पाहिलेत मिस्त्री? हे सारे एंजिनाच्या पोटात चालले होते!” तो म्हणतो.

मिस्त्री हात पुसत पुसत डब्यात डोकावतो आणि म्हणतो, “साहेब, हे एंजिनाच्या पोटातूनच आले आहे.”

दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि या दोन वाक्यांमध्ये मोटारीच्या शास्त्रातील पाऊणशे वर्षांचा एक प्रश्न दडलेला आहे.

या डब्याला ऑइल कॅच कॅन असे म्हणतात. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणारी, म्हणजेच डायरेक्ट इंजेक्शन पद्धतीची एंजिने रस्त्यावर येऊ लागल्यापासून या डब्याचा बोलबाला वाढला. तो बसविला की एंजिनाच्या झडपांवर काजळी धरत नाही, असे विकणारे सांगतात. त्याची मुळीच गरज नाही, असे मोटार बनविणारे सांगतात. मोटारीवर आयुष्याच्या बचतीतील मोठा हिस्सा खर्च केलेला सामान्य गृहस्थ या दोघांच्या मध्ये सापडतो. त्याला निर्णय करता यावा, यासाठी तो तपकिरी द्रव कोठून निघाला व कोठे चालला होता, याचा माग काढला पाहिजे.

एंजिनात पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणाचा स्फोट होतो आणि त्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जातो, हे सर्वांना ठाऊक असते. दट्ट्या आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये अगदी बारीक फट ठेवावी लागते. ती नसेल तर तापलेला दट्ट्या फुगून जागच्या जागी अडकेल. ही फट झाकण्यासाठी दट्ट्याभोवती खाचांमध्ये रिंगा बसविलेल्या असतात. पण रिंग ही बांगडीसारखी अखंड असून चालत नाही. ती आपल्या ताणाने भिंतीला टेकून राहावी, म्हणून एका ठिकाणी कापलेली असते. स्फोटाच्या क्षणी प्रचंड दाबाखालील वायू या कापलेल्या जागेतून आणि रिंगांच्या कडांवरून निसटतो व दट्ट्याच्या खाली, जेथे वंगण तेल असते त्या क्रँककेसमध्ये उतरतो. आपल्याकडचे मिस्त्री याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. जुने, झिजलेले एंजिन असेल तर तेलाचे झाकण उघडताच धुराचा भपकारा येतो, तो याचाच. परंतु अगदी नव्या, निरोगी एंजिनातही हा वायू थोडा का होईना, निसटतच असतो. तो दोष नव्हे; यंत्राचा तो स्वभावच आहे.

या वायूबरोबर काय काय उतरते? अर्धवट जळलेले पेट्रोल उतरते, आम्लधर्मी वायू उतरतात आणि पाण्याची वाफ उतरते. पाण्याचे नाव ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पण पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो आणि जळताना त्याचे पाणीच होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सारे धुराड्यावाटे निघून जाते. थंड सकाळी सायलेन्सरच्या टोकाशी थेंब ठिबकताना दिसतात, ते हेच पाणी. त्याचा लहानसा अंश खाली क्रँककेसमध्ये जातो. तेथे मिनिटाला हजारो फेरे फिरणारा दांडा तेलाचे अक्षरशः धुके करीत असतो. गळून आलेला वायू या धुक्यात मिसळतो आणि त्या मिश्रणाला बाहेर पडण्यास वाट लागते. वाट न मिळाल्यास दाब वाढतो आणि तेल जेथे जेथे सीलने अडविलेले असते, तेथे तेथे फोडून बाहेर येते. तेव्हा एंजिनाला श्वास घेण्यासाठी जशी वाट लागते, तशीच या पोटातल्या उच्छ्वासासाठीही वेगळी वाट लागते.

जुन्या काळी या वाटेचा विचार कोणी फारसा केला नाही. क्रँककेसमधून एक नळी काढून ती मोटारीच्या पोटाखाली रस्त्याकडे सोडून देत. तिचे टोक तिरकस कापलेले असे. मोटार धावू लागली की खालून वाहणाऱ्या वाऱ्याने नळीत ओढ निर्माण होई आणि आतली वाफ खेचली जाई. युक्ती स्वस्त होती, साधी होती. मोटार उभी असली की ओढ थांबे, हा तिचा एक दोष. दुसरा दोष असा की, ती सारा मळ रस्त्यावर आणि हवेत टाकी. जुन्या वाहतुकीच्या रस्त्यांवर प्रत्येक मार्गिकेच्या मधोमध जो काळपट तेलकट पट्टा पडे, त्यात या नळीचा वाटा होता.

ही नळी बंद करण्याची पहिली गरज निर्माण झाली, ती हवेच्या शुद्धतेसाठी नव्हे, युद्धासाठी. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांना खोल पाण्यातून पलीकडे जावे लागे, आणि खाली उघड्या असलेल्या नळीतून एंजिनात पाणी शिरण्याचा धोका असे. तेव्हा ही वाफ रस्त्याकडे न सोडता एंजिनाच्या श्वासनलिकेतच परत सोडण्याची व्यवस्था करण्यात आली. युद्ध संपले आणि ही युक्ती काही काळ मागे पडली. पुढे अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरावर दिवसाढवळ्या डोळे चुरचुरविणारे धुके उतरू लागले. आरी हागन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की, मोटारी व तेलशुद्धीकरण कारखाने यांच्यातून निघणाऱ्या इंधनाच्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके बनते. मोटारीतून न जळता निसटणाऱ्या या वाफांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या क्रँककेसच्या नळीतून येतो, असे आढळले. दोष धुराड्याचा म्हणून सारे मागच्या नळीकडे बोट दाखवीत होते, आणि पोटाखालची ही दुसरी नळी निवांत सुटली होती! १९६१ सालापासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींमध्ये ती बंद झाली, आणि १९६८ च्या मोटारींपासून साऱ्या अमेरिकेत तसा नियमच झाला. इतर देश क्रमाने त्याच वाटेने गेले.

या व्यवस्थेला पीसीव्ही असे आद्याक्षरी नाव आहे. तिचे मर्म एका लहानशा झडपेत आहे. एंजिन नुसते घुरघुरत उभे असते, तेव्हा श्वासनलिकेत ओढ जबर असते. त्या वेळी झडपेतला गट्टू ओढला जाऊन वाट अरुंद होते. मोटार रस्त्याने धावू लागली की ओढ कमी होते आणि वाट रुंदावते. एंजिनाने उलटा भडका मारला तर झडप पूर्ण मिटते आणि आग क्रँककेसमध्ये शिरू देत नाही. यंत्रविद्येतील काही गोष्टी त्यांच्या किमतीच्या मानाने फारच गुणी असतात. ही चिमूटभर झडप त्यांपैकी एक होय. अशा रीतीने एंजिन आपला उच्छ्वास आपणच गिळू लागले. वाफेतले पेट्रोल जळून गेले, हवा काही प्रमाणात निवळली.

मग त्या वाफेतले तेल? ते श्वासनलिकेच्या भिंतींवर, पुढे हवेच्या झडपांच्या मागच्या अंगावर बसत राहिले. पण त्याचा गाजावाजा झाला नाही, कारण त्या मार्गावर एक धुणारी रोज येत होती. कार्ब्युरेटरच्या काळात पेट्रोल हवेबरोबर याच वाटेने सिलिंडरमध्ये जाई. पुढे कार्ब्युरेटर गेला आणि फवारे आले, तरी ते फवारे झडपेच्या अलीकडेच, तिच्या पाठीवर पेट्रोल मारीत. पेट्रोल हे उत्तम द्रावक आहे. घड्याळाचे मळलेले चाक पेट्रोलने धुणाऱ्या कारागिराला हे निराळे सांगावयास नको. त्यात तेलकंपन्यांनी मळ विरघळविणारी द्रव्ये घातली. साठवण आणि सफाई एकाच मार्गावर चालत होती. हिशेब बरोबर जमत होता.

हा हिशेब डायरेक्ट इंजेक्शनने बिघडविला. या पद्धतीत पेट्रोलचा फवारा झडपेवर न पडता सरळ सिलिंडरच्या आत पडतो. कल्पना नवी नाही. १९३० नंतरच्या दशकात जर्मन विमानांच्या एंजिनांत ती आली. विमानाने एकाएकी नाक खाली घातले तरी अशा एंजिनाचे इंधन तुटत नसे. उलट कार्ब्युरेटरवर चालणारी ब्रिटिश विमाने अशा वेळी क्षणभर अडखळत. १९५४ साली मर्सिडीज-बेन्झच्या ३०० एसएल या मोटारीत ती आली. तथापि त्या काळी यांत्रिक पंपांनी तिला आवर घालणे अवघड होते. त्या मोटारीत एंजिन बंद केल्यावरही, फेरे थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडीतच राही. ते सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली तेलात उतरे, आणि तेल वारंवार बदलावे लागे. संगणकाने फवाऱ्याचा क्षण आणि मात्रा ठरविण्याचे युग आल्यावर या कल्पनेला खरा बहर आला. १९९६ साली जपानमध्ये मित्सुबिशीने अशी मोटार विक्रीस आणली, आणि पुढील वीस वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. भारतातही आज अनेक लहान टर्बो मोटारी याच पद्धतीच्या आहेत. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या काही मोटारी त्यांतल्याच.

तिचा लाभ खरा आहे, हे स्पष्ट सांगावयास हवे. पेट्रोल आतच वाफारते आणि वाफारताना आतल्या हवेची उष्णता शोषून घेते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच हे कारण. आतली हवा गार झाली की मिश्रण अधिक दाबता येते आणि ते अवेळी पेटत नाही. त्यामुळे एक लिटरचे तीन सिलिंडरांचे एंजिन पूर्वीच्या दीड लिटरच्या एंजिनाचे काम करते. यासाठी पेट्रोलवर वातावरणाच्या शंभर ते साडेतीनशे पट दाब द्यावा लागतो. पूर्वीच्या फवाऱ्यांना तीन-चार पट पुरत असे. पण या साऱ्या लाभाच्या बदल्यात झडपेचे रोजचे स्नान बंद झाले. तिच्यावर आता फक्त हवा येते, आणि हवेबरोबर तेलाचे धुके.

तापलेल्या तव्यावर तेलाचा थेंब पडून विसरला गेला तर काय होते, हे कोणतीही गृहिणी सांगू शकेल. पातळ अंश उडून जातो आणि मागे पिवळा, मग तपकिरी, मग काळा चिकट लेप राहतो. त्यावर पुढचा थेंब अधिक घट्ट चिकटतो. झडपेच्या पाठीवर तेच घडते. तिचे तापमान दोनशे अंशांच्या वर असते. तेलातील पुरके जळून त्यांची राख राहते, त्यात सिलिंडरमधून उलट येणारी काजळी मिसळते, आणि काही वर्षांनी गुळगुळीत झडप जुन्या चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखी दिसू लागते. लक्षणे हळूहळू येतात. थंड एंजिन सकाळी सुरू करताना अडखळते, उभ्या मोटारीत थरथर जाणवते, चढावर पूर्वीची ताकद लागत नाही. पेट्रोलमध्ये घालावयाची महागडी औषधे या रोगावर चालत नाहीत. याचे कारण सरळ आहे : ती पेट्रोलबरोबर जातात आणि पेट्रोल तर आता झडपेकडे फिरकतच नाही. तरीही ती ‘झडपा स्वच्छ करणारी’ म्हणून अशा मोटारमालकांना विकली जातात, ही व्यापाराची गंमत म्हणावयाची.

लेप फार झाला तर श्वासनलिका उतरवून झडपा साफ कराव्या लागतात. त्यासाठी वापरतात अक्रोडाच्या कवचाचा चुरा. तो दाबाच्या हवेने झडपेवर मारतात आणि दुसऱ्या नळीने ओढून घेतात. हे कवच काजळीहून कठीण आणि धातूहून मऊ असते, त्यामुळे लेप निघतो आणि झडपेवर ओरखडा उठत नाही.

आता डब्याकडे वळावयास हरकत नाही. क्रँककेसमधून श्वासनलिकेकडे जाणारी नळी मध्येच तोडून तिथे हा डबा बसवितात. एका तोंडाने वाफ आत येते, दुसऱ्या तोंडाने बाहेर जाते. अरुंद नळीतून रुंद डब्यात येताच वाफेचा वेग मंदावतो; डब्याच्या थंड भिंतीला लागून ती निवते; आणि आतल्या जाळीतून वळणे घेत जाताना तेलाचे कण तारांवर आदळून एकत्र होतात व थेंब होऊन खाली गळतात. दुधाच्या पातेल्यावरचे झाकण उचलले की त्याच्या आतून थेंब ओघळतात, तत्त्व हेच. यावरून एक गोष्ट उघड होते. डब्याचा गुण त्याच्या चकाकीत नसून आतल्या जाळीत आणि वळणांत आहे. बाजारात रंगीबेरंगी असे कित्येक डबे मिळतात की जे आतून निव्वळ पोकळ असतात. त्यांत वाफ एका तोंडाने येते आणि दुसऱ्याने निघून जाते. कोणी धर्मशाळेत येऊन जावे, तशी. याउलट काही हौशी लोक कारखान्यांतील हवेच्या कॉम्प्रेसरला लावतात तसला पाणी पकडणारा फिल्टर विकत आणून त्याचाच डबा करतात. त्यांची जाळी पुष्कळदा बरी असते, पण प्लॅस्टिकचा पेला एंजिनाच्या उष्णतेला आणि पेट्रोलच्या वाफेला टिकत नाही.

चांगल्या जाळीच्या डब्यालाही मर्यादा आहे. तेलाचे मोठे कण जडत्वामुळे वळणावर तारेला आदळतात. एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान कण मात्र हवेबरोबर अलगद वळून निघून जातात. शिवाय झडपेवरचे सारे तेल याच वाटेने येते, असेही नाही. झडपेच्या दांड्याला वंगण मिळावे म्हणून वरून थोडे तेल उतरत असते. ते या नळीतून येत नाही. दोन झडपा क्षणभर एकाच वेळी उघड्या राहतात, तेव्हा जळलेला वायू काजळीसह मागे येतो. तोही या नळीतून येत नाही. डबा या दोहोंना कसा अडविणार? आणि मोटार बनविणाऱ्यांनीही तेलाचे कण वेगळे करणारी वळणदार खोली एंजिनाच्या झाकणातच बहुधा केलेली असते. बाहेरचा डबा ही दुसरी चाळणी आहे, पहिली नव्हे. म्हणून डब्याने लेप थांबतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. तो सावकाश धरतो, इतके म्हणता येईल.

टर्बो एंजिनात आणखी एक गोम आहे. टर्बो जोर धरतो, तेव्हा श्वासनलिकेत ओढ राहत नाही, उलट दाब निर्माण होतो. पीसीव्ही झडप मिटते आणि वाफ दुसऱ्या वाटेने, टर्बोच्या अलीकडच्या नळीकडे वळते. ऐन परिश्रमाच्या वेळी, म्हणजे गळतीही अधिक असताना, वाफ या दुसऱ्या वाटेने जात असते. पुष्कळ मालक पहिल्या वाटेवर डबा बसवून निश्चिंत होतात. पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि मागचे दार सताड उघडे, अशातला हा प्रकार.

गॅरेजमधल्या त्या मिस्त्रीने पुढे काय केले, ते सांगण्यासारखे आहे. त्याने डब्यातला द्रव एका काचेच्या बाटलीत ओतला, बूच लावले आणि बाटली फळीवर ठेवून दिली. “पुढच्या रविवारी पाहू,” तो म्हणाला. आठवड्याने पाहिले तो बाटलीच्या तळाशी मळकट पाणी बसले होते, त्यावर ताकाच्या लोण्यासारखा पांढुरका थर, आणि अगदी वर तेल. तेलाचा थर साऱ्यांत पातळ होता. मालकाचा चेहरा थोडा उतरला. “म्हणजे एवढे सारे पाणीच?” “थंडीचे दिवस आहेत, साहेब. आणि आपली गाडी घरापासून ऑफिसपर्यंत चार किलोमीटर जाते. एंजिन तापायच्या आत आपण पोचता.”

ही बाटलीची परीक्षा कोणालाही करता येईल, आणि प्रत्येक मोटारीचे उत्तर निराळे येईल. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत रोज जवळच्या जवळ फिरणाऱ्या मोटारीच्या डब्यात पाणी पुष्कळ. नागपूरच्या उन्हाळ्यात लांबचा प्रवास करणाऱ्या मोटारीत पाणी नाममात्र आणि तेलही थोडके. निरोगी एंजिनात दोन-तीन हजार किलोमीटरनंतर काही चमचेच साचतात. ते एकाएकी वाटीभर साचू लागले, तर डब्याची थोरवी न गाता रिंगा तपासून घेतलेल्या बऱ्या.

पाण्याचा हा भाग निरुपद्रवी नाही. हिमाचलात किंवा लडाखमध्ये तापमान शून्याखाली जाते, तेव्हा डब्यातले आणि त्याला जोडलेल्या लांब नळ्यांतले पाणी गोठून वाट बंद होऊ शकते. मोटार बनविणारे कित्येकदा ही नळी मुद्दाम आखूड आणि एंजिनाच्या उबेत ठेवतात. आपण डब्यासाठी ती लांबवून थंड वाऱ्यात नेतो. वाट बंद झाली की आतला दाब वाढतो आणि दांड्याचे सील तेल गाळू लागते. झडप साफ करण्याच्या खर्चाहून ही दुरुस्ती कमी नसते. पातळ रबराची नळी ओढीने चपटी झाली, तरी परिणाम हाच. डबा रिकामा करावयाचे विसरले, तर साचलेला द्रव एखाद्या वळणावर एकदम एंजिनात ओढला जातो. डबा बसविणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. तो वेळच्या वेळी रिकामा करणे हे मोटार असेपर्यंतचे व्रत आहे, आणि अशी व्रते किती जण पाळतात, ते प्रत्येकाने आपल्या घरच्या पाण्याच्या फिल्टरकडे पाहून ठरवावे.

डिझेल एंजिनाची कथा थोडी वेगळी आहे. तिथे इंधन हवेच्या वाटेने कधीच येत नव्हते, त्यामुळे झडपेच्या स्नानाचा प्रश्न नव्हता. आणि नुसत्या तेलाच्या ओलाव्याने फारसे बिघडतही नव्हते. पण नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी धुराड्यातील काही धूर परत हवेत मिसळण्याची पद्धत आली, आणि त्या धुरातील काजळी या ओलाव्यावर बसू लागली. दोन्ही मिळून डांबरासारखा चिखल होतो आणि श्वासनलिका आतून निम्मी बुजते. अशा एंजिनात चांगल्या जाळीच्या डब्याचा उपयोग पेट्रोलच्या एंजिनापेक्षा अधिक दिसून येतो, कारण तेथे चिखल कालविणारे पाणी म्हणजे हे तेलच असते.

आता डब्यांचा एक प्रकार असा आहे की ज्याविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. काही डब्यांना दुसरी नळी नसतेच. वरच्या बाजूला एक छोटासा स्पंजाचा फिल्टर असतो आणि वाफ त्यातून सरळ हवेत सोडली जाते. शर्यतीच्या मैदानावर ते चालते. विक्रेता सांगतो की, यामुळे एंजिनाला निव्वळ शुद्ध हवा मिळते. हे खरे आहे. तेल मागे राहते, पण पेट्रोलची वाफ फिल्टरमधून जशीच्या तशी बाहेर पडते, आणि सिग्नलशी उभ्या असलेल्या शेजारच्या स्कूटरवाल्याच्या नाकात जाते. पुष्कळदा मोटारीतल्या माणसांच्याही, कारण आत येणारी हवा बॉनेटच्या मागूनच घेतलेली असते. १९६१ साली जी नळी बंद झाली, तीच ही नळी, फक्त तिच्यावर आता लाल रंगाची टोपी आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मानकांनुसार पेट्रोल मोटारीच्या क्रँककेसमधील वायू हवेत सोडण्यास मुळीच मुभा नाही. शिवाय अशा तोडलेल्या नळीतून मोजणी न झालेली हवा आत शिरली, तर मोटारीचा संगणक गोंधळतो आणि समोरचा पिवळा दिवा लागतो. मग तक्रार घेऊन कंपनीकडे गेल्यावर कंपनी वॉरंटीच्या कागदावर बोट ठेवते, आणि त्या वेळी तिचे चुकते असे म्हणता येत नाही.

मोटार बनविणारेही स्वस्थ बसलेले नाहीत. २००५ च्या सुमारास टोयोटाने लेक्ससच्या एका एंजिनात दोन्ही फवारे एकत्र बसविले : एक सिलिंडरच्या आत आणि एक झडपेवर. हेतू मिश्रण सुधारण्याचा होता; पण त्या निमित्ताने झडपेचे स्नानही पुन्हा सुरू झाले. अशी एंजिने पुढे इतरांनीही काढली. ज्यांच्या मोटारीत हे दोन फवारे आहेत, त्यांना डब्याची चिंता करण्याचे कारण उरत नाही. बाकीच्यांच्या हाती डब्याआधी आणखी एक साधे साधन आहे, ते म्हणजे तेल. तेल किती उडते हे मोजण्याची एक प्रमाण चाचणी आहे. नोॲक चाचणी म्हणतात तिला. अडीचशे अंश तापमानावर एक तासात तेलाचा किती हिस्सा उडाला, ते तीत पाहतात. आजच्या पेट्रोल एंजिनांच्या तेलासाठी शेकडा पंधरा ही सामान्यतः वरची मर्यादा आहे. चांगली कृत्रिम तेले तिच्या बरीच खाली असतात. कमी उडणारे तेल, ते वेळेवर बदलणे, आणि आठवड्यातून एकदा तरी एंजिन पुरते तापेल असा लांबचा फेरफटका, एवढ्याने तेलाचे धुके मुळातच विरळ होते. हा उपाय डब्यासारखा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो विकायला अवघड जातो.

एवढे करूनही ज्याला डबा बसवावयाचा असेल, त्याने जाळीचा, बंद वाटेचा, पुरेशा रुंद नळीचा घ्यावा, धुराड्याच्या नळीपासून दूर आणि वारा लागेल अशा जागी बसवावा, आणि दर महिन्याला उघडून पाहावा. उघडल्यावर त्यातला द्रव टाकावयाचा कोठे, हे मात्र डब्याच्या खोक्यावर बहुधा लिहिलेले नसते. पुष्कळ जण तो जवळच्या गटारात उलटा करतात. त्यात वापरलेले तेल असते, आणि ते कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. हवेत जाणारे श्वासनलिकेत घातले, श्वासनलिकेतले डब्यात घातले आणि डब्यातले गटारात, तर ते शेवटी नदीत जाते.

गॅरेजमधल्या मिस्त्रीने ती बाटली पुन्हा हलविली, तेव्हा पाणी आणि तेल एक होऊन तिचा रंग पूर्वीसारखा झाला. कोपऱ्यात वापरलेल्या तेलाचे पत्र्याचे पिंप उभे होते. महिन्याकाठी ते नेणारी गाडी येते. मिस्त्रीने पिंपाचे झाकण काढले, बाटली त्यात रिती केली आणि बाटलीसकट हात झाडून साहेबांना म्हणाला, “डबा धुऊन द्या, जाळी कोरडी झाली की बसवतो.”